घुगरी बोळ

तनुजाच्या नकाशात एक गल्ली खोटी होती. एकच. बाकीचा नकाशा इतका खरा, की लातूरच्या ट्यूशन एरियात पहिल्यांदा आलेला माणूस फोनकडं बघत बघत थेट मेसच्या ताटावर जाऊन बसावा. मग एवढं खरेपणाचं वेड असलेल्या बाईनं खोटी गल्ली कशाला घातली, असं तुम्ही विचाराल. विचाराच. सगळी गोष्ट तिथंच तर अडकलेली आहे.

जून लागला की लातूरला काय होतं ते सांगायला नको. भोकर, देगलूर, कंधार, कुठून कुठून बाप येतात. एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात पोरीचा हात, आणि डोक्यात एकच किडा: पोरगी डॉक्टर झाली पाहिजे. क्लासची फी भरून होते, मग प्रश्न पडतो पोरीला ठेवायचं कुठं. तेवढ्यात एजंट येतो, गोड गोड बोलतो आणि कुठल्यातरी इमारतीच्या वरच्या मजल्यावरची कोंदट खोली गळ्यात मारतो. बाप गावी जातो आणि रोज फोनवर विचारतो, "बाई, कसं हाय तिथं?" पोरगी म्हणते, "छान हाय." छान म्हणजे काय ते तिचं तिला ठाऊक.

ह्या बापांसाठी तनुजानं 'ठिकाणा' नावाची वेबसाइट काढली. उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करायची विद्या ती नांदेडला शिकली होती. तिच्या बरोबरीची पोरं पुण्याला, हैदराबादला कंपन्यांत लागली आणि ही बया लातूरला येऊन बसली. वेबसाइट साधी होती. खाली वरून टिपलेलं शहराचं चित्र आणि त्यावर एकेक थर: एक हॉस्टेलांचा, एक मेसचा, एक दिवे नसलेल्या रस्त्यांचा. हवा तो थर चालू करावा, नको तो बंद करावा. फक्त लाल ठिपक्यांचा थर बंद करायची सोय तिनं मुद्दाम ठेवली नव्हती.

लाल ठिपका म्हणजे इमारत धोक्याची. खाली पार्किंगसाठी नुसते खांब, वर मागाहून चढवलेला मजला, जिन्याच्या दाराला कुलूप, खांबाला तडा, असलं काही दिसलं की ती ओळखीच्या इंजिनिअरला ओढत न्यायची, फोटो काढायची आणि मगच ठिपका ठेवायची. मालक भांडायला यायचे. कुणी म्हणायचा, आमचं नाव खराब करून राहिली ही बाई. तनुजा शांतपणे सांगायची, "तडा नीट करा, मला दाखवा, त्याच दिवशी ठिपका काढते." काहींनी खरंच नीट केला. काहींनी शिव्या दिल्या.

तिला एवढी कळकळ का, तर ती भूकंपातली. लातूरला एवढा एक शब्द पुरतो. किल्लारीच्या बाजूला तिचं गाव होतं. त्र्याण्णव साली गणपती बोळवून गाव दमून झोपलं आणि पहाटे माळवदाची, मातीच्या जड छपरांची घरं माणसांच्या अंगावर बसली. आई केवळाबाई गेली, वडील रामकिशन गेले. तनुजा तेव्हा दोन वर्षांची होती आणि तिचा दादा शिवम दहाचा. दोघं देगलूरला व्यंकटीमामाकडं गणपती बघायला गेले होते म्हणून वाचले. पुढं मामानंच दोघांना वाढवलं.

आई कशी होती ते तनुजाला आठवायचं कारणच नव्हतं. तिच्याकडं जी आई होती ती सगळी शिवमदादाच्या तोंडून आलेली. मामी भाकऱ्या थापायला बसली की दादा शेजारी बसायचा आणि परातीतल्या पिठात बोटानं गाव काढायचा. "हे बघ, ही वेस. इथून आत. मारुतीपाशी डावीकडं वळायचं. मंग आड लागतो, त्याला वळसा. तिथं बोळ लई अरुंद, बैलगाडी शिरत न्हाई. मंग पुन्हा उजवीकडं, अन् एकदम रुंद. तिथं आपलं दार." त्या बोळाचं नाव घुगरी बोळ. तिथल्या कुठल्या ना कुठल्या घरात पाळणा हलतच असायचा, सारखी बारशी, सारख्या घुगऱ्या वाटणं, म्हणून ते नाव. मामी ओरडायची, "पिठाची नासाडी करू नका रे!" आणि हाताच्या एका फटक्यात गाव पुसून त्याची भाकरी करायची. तनुजानं ते गाव किती वेळा पाहिलं असेल! पुनर्वसनातलं नवं गाव तिनं मोठेपणी पाहिलं, तर तिथं नुसते ब्लॉक आणि सरळसोट रस्ते. एकाही रस्त्याला नाव नव्हतं.

आता खोट्या गल्लीचं. नकाशे करणाऱ्यांत एक जुनी युक्ती आहे. आपल्या नकाशात कुठंतरी कोपऱ्यात जगात नसलेली एखादी गल्ली घालून ठेवायची. कुणी नकाशा चोरला की ती गल्लीही त्याच्याबरोबर जाते, आणि चोराला जाब विचारता येतो: बाबा रे, ही गल्ली तुला दिसली कुठं? तनुजानं ट्यूशन एरियाच्या मागच्या अंगाला, दोन कंपाउंडांच्या मधून नाला जातो आणि वर झाडी आहे, तिथं अशी एक गल्ली घातली. आणि तिला आकार दिला घुगरी बोळाचा. डावीकडं वळण, आडाचा वळसा, अरुंद भाग, उजवीकडं वळण, शेवटी रुंद. नावही तेच ठेवलं.

हे तिनं कुणाला सांगितलं? फक्त दादाला. एका रविवारी त्याच्या घरी जेवताना ती म्हणाली, "दादा, आईचा बोळ माझ्या नकाशाची राखण करून राहिला बघ." शिवम हसला आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले. विमलवहिनी म्हणाली, "तुमचं बहीणभावाचं काहीतरी येगळंच असतं बाई!" आणि दोघांच्या पानात पुन्हा वरण वाढलं. नकाशात खाडाखोड करायची परवानगी तनुजानं दादाला आधीच दिलेली होती. रविवारी तोही फिरून नवीन मेस टिपून आणायचा. सख्ख्या भावाला कुलूप कुणी लावतं का?

एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो. जमिनीवर जाऊन तपासल्याशिवाय कुठलीच रेघ खरी धरायची नाही, हा तनुजाचा कायदा होता. पण जुन्या गावातला घुगरी बोळ तिनं कधी तपासला नाही. गाव मोडलं तरी उपग्रहाच्या चित्रात त्याची जागा दिसते, मनात आणलं असतं तर घरबसल्या ताडून बघता आलं असतं. तिला ते पापच वाटायचं. दादानं पिठात काढलेल्या रेघेची पडताळणी करायची म्हणजे दादावरच संशय घ्यायचा, असं ती मानायची.

शिवम बापूसाहेबांच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. बापूसाहेब म्हणजे मोठं प्रस्थ. जुने प्राध्यापक, पांढरा शर्ट, आवाज कधी चढायचा नाही. त्यांची पाच मजली मुलींची हॉस्टेल इमारत तनुजाच्या नकाशात लाल होती. तिथल्या रेक्टर उमादेवी, उदगीरकडच्या बाई, त्यांनीच तनुजाला पार्किंगमध्ये नेऊन खांबाचा तडा दाखवला होता. "वर पोरी नाचल्या तरी माझ्या पोटात गोळा येतो ताई," असं त्या म्हणाल्या होत्या. मागं एकदा शिवम सहज बोलावं तसा बोलला, "तनू, सरांचा तेवढा ठिपका काढता येईल का?" तनुजा म्हणाली, "तडा गेला की ठिपका गेला." तो म्हणाला, "बरं." पुन्हा विषय नाही. रुसला नाही, रागावला नाही. तिला दादाचा अभिमान वाटला हो! आपला माणूस आपल्याला समजून घेतो, असं तिला वाटलं.

आणि मग जूनच्या तोंडावर बापूसाहेबांनी हॉल घेऊन कार्यक्रम केला. 'विद्यासोबती' नावाचं ॲप, पालकांसाठी, फुकट. शिवमनं स्वतः तिला आमंत्रण दिलं. पुढच्या रांगेत बसवलं. पडदा उजळला आणि तनुजाच्या तोंडचं पाणी पळालं. रंग वेगळे होते, अक्षरं वेगळी होती, पण नकाशा तिचा होता.

स्वतःचा नकाशा माणूस चुकांवरून ओळखतो. पत्र्याच्या शेडच्या बाजाराजवळ फोनचा सिग्नल सरकतो, त्यामुळं तिथली एक मेस तिच्याकडून रस्त्याच्या भलत्याच बाजूला पडली होती. दुरुस्त करू करू म्हणत राहून गेली होती. ती मेस ह्यांच्याही नकाशात भलत्याच बाजूला होती. केव्हाच बुजवलेली एक विहीर तिनं जुन्या चित्रावरून चुकून टिपली होती, तीही जशीच्या तशी आली होती. फक्त लाल ठिपके नव्हते. जिथं जिथं लाल होतं तिथं तिथं हिरवं होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. आणि खरं सांगायचं तर आत कुठंतरी तिला आनंदही झाला. सापडले चोर! तिनं तिथंच खुर्चीत बसून ॲप फोनवर उतरवून घेतलं, नकाशा मोठा केला आणि मागच्या नाल्यापाशी नेला. आता दाखवते ह्यांना घुगरी बोळ. उठून माईक हिसकावते आणि विचारते, ही गल्ली कुठून आणली?

तिथं गल्ली नव्हती. नाला होता, झाडी होती, दोन कंपाउंड होती. तिनं नकाशा पुन्हा मोठा केला, पुन्हा लहान केला. घुगरी बोळ नव्हताच.

पहिल्यांदा तिला काही कळेना. ज्यांनी चुकीची मेस उचलली, बुजलेली विहीर उचलली, त्यांच्या हातून नेमकी हीच एक गल्ली कशी सुटली? मग कळलं. ती सुटली नव्हती, काढली होती. ती खोटी आहे हे माहीत असणाऱ्यानं काढली होती. आणि तसं माहीत असणारं माणूस जगात एकच होतं. ते समोर स्टेजवर बसलं होतं आणि त्याच्या खांद्यावर शाल पडत होती.

बापूसाहेब माईकवर म्हणाले, "आमचे शिवम सर स्वतः भूकंपात आईवडील गमावलेले. प्रत्येक इमारत त्यांनी जातीनं पाहिली आहे. त्यांनी हिरवं म्हटलं की आम्ही हिरवं म्हणतो." हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. तनुजाच्या शेजारचे एक गृहस्थ पोरीला म्हणाले, "बघ, ह्यांच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?" शिवम खाली बघत होता.

कार्यक्रम संपल्यावर तिनं बापूसाहेबांना गाठलं. हा माझा नकाशा आहे म्हणाली. बापूसाहेब हसले. "बेटा, शहर एकच, रस्ते तेच. वर उपग्रह काय आपल्या दोघांसाठी वेगळा फिरतो का? खरं खऱ्यासारखंच दिसणार." मेस, विहीर दाखवली असती तरी ते म्हणाले असते, सिग्नल सगळ्यांचाच सरकतो, जुनं चित्र सगळ्यांकडंच असतं. त्यांच्या ह्या बोलण्यावर तिच्याकडं एकच पक्कं उत्तर होतं, आणि तेच दादानं पुसून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दादाच्या घरी गेली. विमलवहिनीनं चहा ठेवला. त्यांची छोटी उर्वी फरशीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. शिवमनं आधी आव आणला. "अगं, कुणीपण उतरवून घेऊ शकतं. तुझी साइट उघडीच तर हाय."

"हाव, उघडी हाय. म्हणून माझ्या चुकाबी गेल्या त्यांच्याकडं. पण घुगरी बोळ गेला न्हाई, दादा."

शिवमच्या हातातली बशी तशीच राहिली. मग तो एकदम बोलायला लागला आणि थांबेना. तू एकटी कुठवर चालवणार, म्हणाला. नकाशा मोठ्या माणसांच्या हातात गेला, गावोगाव पोचला, त्यात वाईट काय झालं, म्हणाला. सरांनी मला भागीदार करून घेतलंय, जन्मभर खडू झिजवायचा का मी, म्हणाला. लाल ठिपक्यांनी लोक खामखा घाबरतात, लातूरचं नाव जातं, इतकी वर्षं झाली, आता कुठं काय होतंय.

"मंग बोळ कशाला काढलास?"

"आईचं हाय ते तनू. त्यांच्या धंद्यात आईचा बोळ नको वाटला मला."

हे वाक्य तिला इतकं आवडलं, की क्षणभर तिनं ते धरूनच ठेवलं. भावाचा आवाजही तसाच होता, पिठात गाव काढतानाचा. पण ती नकाशेवाली होती, तिला मेलीला तपासल्याशिवाय राहवतं कुठं?

"असं असतं तर मी तुझ्या पाया पडले असते, दादा. पण तू माझा एकुलता एक पुरावा काढलास. आईला वाचवलं न्हाईस तू, स्वतःला वाचवलंस." तिनं ॲप उघडून फोन त्याच्यासमोर धरला. "चोरी केलीस, त्याचं मी बघून घेतलं असतं. तू मागितला असतास तर नकाशा देऊन टाकला असता तुला. पण ते हिरवं? तडा तुला दिसला न्हाई का? तुला? तुला, दादा?"

"सर म्हणाले, पावसाळ्यानंतर दुरुस्ती करू."

"बरं. मंग तोवर उर्वीला झोपवतोस का तिथं? एकच रात."

"नको गं बाई!" हे शिवम बोलला नाही. विमलवहिनी बोलली, स्वयंपाकघराच्या दारातून, आणि बोलल्यावर तिनं स्वतःच तोंडावर हात ठेवला. उर्वीनं मान वर करून आईकडं पाहिलं. शिवम चहावर आलेली साय बघत राहिला. तनुजा उठली. वहिनी जिन्यापर्यंत मागं आली.

घरी येऊन तनुजा लॅपटॉप उघडून बसली. रडायला येत होतं, पण राग त्याच्याही वर होता. मनात एक घाणेरडा विचार आला, आणि आला तो जाईना. हा माणूस इतकं सफाईनं खोटं बोलू शकतो, तर लहानपणापासूनच बोलत आला नसेल कशावरून? आईचं दार, आड, पाळणे, सगळं रडणाऱ्या पोरीला गप्प करायला रचलेलं असलं तर? तिनं जुन्या गावाची जागा काढली. भर उन्हाळ्यातलं चित्र निवडलं, कारण तेव्हा गवत जळालेलं असतं आणि वेड्या बाभळींच्या मधून पडलेल्या घरांचे पाये दिसतात. तपकिरी जमिनीवर दगडांच्या फिकट रेघा. वेस सापडली. मारुतीचा पार सापडला. मग आपल्या नकाशातला घुगरी बोळ उचलून तिनं त्या चित्रावर ठेवला, आणि वेशीला वेस जुळवली.

बोळ बसला. डावीकडचं वळण बसलं, आडाचा काळा गोल वळशाच्या पोटात बरोबर आला, अरुंद भागात दोन्हीकडचे पाये एकमेकांना खेटून होते, आणि उजवीकडं वळून जिथं रुंद होतं तिथं एका घराची चौकट दिसत होती. दहा वर्षांच्या पोरानं ते सगळं डोक्यात धरून ठेवलं होतं, एक वळणही चुकलं नव्हतं. तनुजा तेव्हा हमसून हमसून रडली. तो खोटा निघाला असता तर किती बरं झालं असतं! त्याला तोडून टाकून मोकळी झाली असती ती. इतकं खरं ठाऊक असलेल्या माणसानं ते हिरवं लावलं होतं.

फोन वाजला. उमादेवी होत्या. मागं बायामाणसांचा गलका ऐकू येत होता.

"ताई, पालक आलेत खोल्या बघायला. तुमच्या नकाशात आमची इमारत लाल हाय, अन् नव्यात हिरवी. मला विचारून राहिलेत, कुणाचं खरं धरायचं? मी तरी काय सांगू? तडा तर हाय तसाच हाय. पण हे म्हणतात, शिवम सर भूकंपातले, ते कशाला खोटं सांगतील?"

तनुजानं डोळे पुसले. आजवर दादाबद्दल कुणी वावगा शब्द काढला तर ती वाघिणीसारखी अंगावर जायची. मामाशीही भांडली होती ती त्याच्यासाठी. लॅपटॉपच्या पडद्यावर आईचं दार तसंच होतं.

"उमादेवी, फोन मोठ्यानं लावा. सगळ्यांना ऐकू जाऊ द्या."

"लावला."

"मी 'ठिकाणा'ची तनुजा बोलते," ती म्हणाली. "मीबी भूकंपातली हाय. शिवम सर माझे सख्खे भाऊ हायत, आम्ही दोघं एकाच घरात वाढलो. माझा भाऊ खोटं बोलून राहिला. पोरींना तिथं ठेवू नका."

तिनं फोन ठेवला, लॅपटॉप तसाच उघडा राहू दिला, आणि खांबाचे फोटो घेऊन ती चपला घालून हॉस्टेलकडं निघाली.